भामिनीचा शालू आणि बेंजोची पार्टी

पेण तालुक्यात धरमतरच्या खाडीलगत, वडखळच्या शेजारी वसलेल्या डोलवीचे नाव बाहेरच्या माणसाच्या कानी पडते ते बहुधा तेथील पोलादाच्या कारखान्यामुळे. परंतु लग्नसराईच्या दिवसांत या पट्ट्यातील आगरी वस्त्यांतून हळदीच्या रात्री जे संगीत निनादते, त्याची महती पोलादाहून कमी लेखण्याचे कारण नाही. धवलारणीने धवले, म्हणजे पारंपरिक लग्नगीते, गाऊन विधी उरकले, की मांडवाचा ताबा बेंजो पार्टीकडे जातो, आणि कच्छी ढोल, ताशा, कीबोर्ड व ऑक्टोपॅड यांच्या गजरात आगरी-कोळी गीते पहाटेपर्यंत चालतात. डावा हात टंकलेखनयंत्रासारख्या बटणांवर आणि उजव्या हातातील नखी तारांवर, अशा रीतीने जो बेंजो वाजतो तो अमेरिकेतील बँजोचा कोणीच लागत नाही. १९१२ साली जपानातील नागोया येथे गोरो मोरिता याने सिद्ध केलेल्या ताइशोगोतो या वाद्याचा, बुलबुलतरंगामार्फत आलेला, तो वंशज आहे.

योगायोग असा, की ज्या कथाप्रकाराचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे त्याचीही एक बळकट शाखा जपानातच वाढली. दोन पुरुषांमधील प्रणय हा ज्याचा विषय, पॉप संगीताचे जग ही ज्याची रंगभूमी, आणि प्रेमिकांचे मीलन हा ज्याचा बहुधा ठरलेला शेवट, असा हा रंजनप्रधान कथाप्रकार होय. १९७०च्या दशकात मोतो हागिओ, केइको ताकेमिया प्रभृती चित्रकथाकर्त्या स्त्रियांनी मुलामुलांमधील प्रेमाच्या कथा मुलींच्या मासिकांतून लिहिण्यास प्रारंभ केला, आणि पुढे त्या प्रवाहाला गायक, वादक व त्यांचे बँड हे हक्काचे नायक लाभले. माकी मुराकामी यांची ‘ग्रॅव्हिटेशन’ ही चित्रकथा १९९६ साली सुरू झाली. तीत शुइची नावाच्या होतकरू गायकाचा गीत लिहिलेला कागद रात्री बागेत वाऱ्याने उडून एका अनोळखी पुरुषापाशी जातो. तो कागद वाचून पाहतो आणि तुझ्यात गुण नाही असे तोंडावर सांगतो. हा परखड गृहस्थ प्रेमकादंबऱ्यांचा विख्यात लेखक निघतो, आणि अपमानाचा जाब विचारण्याच्या निमित्ताने सुरू झालेला पाठलाग प्रेमापर्यंत जाऊन पोहोचतो. नात्सुकी किझु यांची ‘गिव्हन’ ही कथा मला अधिक सरस वाटते. शाळेच्या जिन्यात एक मुलगा तार तुटलेली गिटार उराशी धरून झोपलेला आहे. दुसरा, स्वतः वादक असल्यामुळे, ती दुर्दशा न पाहवून तार बदलून देतो. आणि ही गिटार त्या मुलाच्या मृत प्रियकराची होती हे पुढे कळते, तेव्हा त्या क्षुल्लक दुरुस्तीला केवढा अर्थ होता याचा उलगडा होतो.

लेखकांना संगीताचेच जग का मानवते, याचे कारण त्या व्यवसायाच्या घडणीत आहे. पॉप गायकाची उपजीविकाच मुळी हजारो अनोळखी तरुणींना तो आपला आहे असे वाटण्यावर चालते. त्यामुळे त्याचे खाजगी जीवन हा कंपनीच्या दप्तरी मालमत्तेचा भाग ठरतो, आणि त्याने काय ल्यावे, मुलाखतीत कोणते नाव घ्यावे, येथपर्यंतची कलमे करारनाम्यात वा अलिखित हुकमात येतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या सोफी गॉन्झालेस व केल डिट्रिच यांच्या ‘इफ धिस गेट्स आउट’ या कादंबरीत एकाच बँडमधील रूबेन आणि झॅक यांच्या प्रेमाआड येतात ती माणसे ना त्यांच्या घरची, ना धर्मपीठाची. आड येतात ते त्यांचे व्यवस्थापक, आणि तेही नीतीच्या नव्हे तर विक्रीच्या चिंतेने. प्रेमकथेला अडथळा लागतो. तो पूर्वी जातीने आणि जहागिरीने पुरविला, आता मुखत्याराने पुरविला एवढेच. याच मुलखाची एक दुय्यम शाखा मात्र मला रुचत नाही: हयात गायकांची नावे घेऊन, त्यांच्या परस्पर प्रेमाच्या कथा चाहत्यांनी रचावयाच्या आणि हळूहळू त्या खऱ्या मानावयाच्या, ही रीत कल्पनेला मुभा देण्याच्या नावाखाली माणसाच्या खाजगीपणावर टाच आणते.

हे सारे परदेशी, असे म्हणून हात झटकणाऱ्या मराठी वाचकाने ८ जुलै १९२१ ही तारीख आठवावी. त्या रात्री मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘मानापमान’ या संगीत नाटकाचा संयुक्त प्रयोग झाला. नायक धैर्यधर केशवराव भोसले, नायिका भामिनी बालगंधर्व. त्या काळी पॉप संगीत म्हणून जर काही असेल तर ते नाट्यसंगीतच होते. त्याच्या ध्वनिमुद्रिका घरोघरी वाजत, आणि बालगंधर्वांच्या नेसण्याचे, अंबाड्याचे, गजऱ्याचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करीत. दोन पुरुष एकमेकांना उद्देशून प्रणयाची पदे गात आहेत हे प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक होते, आणि त्यात कोणाचीही इभ्रत गेली नाही. या नटांच्या खाजगी जीवनाविषयी यावरून काही अनुमान काढणे हा मूर्खपणा होईल. सांगावयाचे ते प्रेक्षकांविषयी. भामिनीच्या अंगावर शालू असेपर्यंत हे प्रेम महाराष्ट्राने डोक्यावर घेतले. शालू नसता, तर?

तमाशाने याचे उत्तर निष्ठुरपणे दिले आहे. आनंद यादवांच्या ‘नटरंग’ कादंबरीतला गुणा हा कलेच्या वेडापायी फडात बायकी हावभाव करणारा नाच्या होतो, आणि ज्या हावभावांवर फड जिंकला जातो त्यांच्याचपायी तो फडाबाहेर कुचेष्टेचा व अत्याचाराचा धनी होतो. २०१० साली पडद्यावर आलेला ‘नटरंग’ अजय-अतुल यांच्या संगीतामुळे गावोगाव पोहोचला. त्यातील लावण्यांवर नाचणाऱ्यांपैकी कितीजणांनी गुणाची वेदना ध्यानात घेतली असेल, हा प्रश्न अलाहिदा.

विषयाची नुसती चर्चाही येथे स्वस्त नव्हती. र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना, समलिंगी संबंधांविषयीच्या शंकांनाही, उत्तरे दिली म्हणून १९३४ साली त्यांच्यावर खटला चालला. त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते, तरीही दोनशे रुपये दंड झालाच. ललित साहित्यात हे प्रेम ठळकपणे आले ते बरेच पुढे. तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकातील सुमित्रा महाविद्यालयीन नाटकात पुरुषभूमिका करता करता आपली नायिका झालेल्या मुलीवर जीव जडवते आणि अखेरीस आत्मनाश करून घेते. सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’त (मौज, २००६) एकाच घरातील भाऊ आणि बहीण एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडतात आणि दोघेही रिकाम्या हातांनी उरतात; जेरी पिंटो यांच्या अनुवादामुळे आणि २०२२च्या चित्रपटामुळे ही कादंबरी दूरवर गेली. पुण्यात २००२ साली समपथिक ट्रस्ट स्थापन करणारे बिंदुमाधव खिरे यांच्या ‘पार्टनर’मध्ये (वपुंच्या ‘पार्टनर’शी नावापुरतेच साम्य) प्रांजळपणा आहे, प्रबोधनाची तळमळ आहे.

या कृतींचे मोल मोठे आहे. परंतु त्यांचा भर वेदनेवर वा प्रबोधनावर आहे, आणि त्यांचे जग बव्हंशी शहरी, शिकलेल्या कुटुंबांचे आहे. ज्यात दोघे भेटतात, भांडतात, गाणे बसवतात आणि शेवटी एकत्र राहतात, असा निखळ रंजनाचा समलिंगी प्रणय मराठीत अद्याप रुजलेला नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांवरील ३७७व्या कलमाचा गुन्हा काढून टाकला, त्यामुळे लेखकाला आता फिर्यादीचे भय नाही. १७ ऑक्टोबर २०२३च्या निकालाने समलिंगी विवाहाची मान्यता नाकारली, त्यामुळे त्याच्या नायकांना हळद लावता येणार नाही, एवढीच अडचण, आणि अडचण तर कथेला हवीच असते.

सामग्री दाराशी आहे. सीझनभर एकाच टेम्पोतून पेण-रोह्याच्या गावांतून फिरणारी, सुपारी घेताना घासाघीस करणारी, दुसऱ्यांच्या लग्नांत रात्र रात्र वाजवून सकाळी कारखान्याच्या पाळीवर जाणारी बेंजो पार्टी, तिच्यातला एक बेंजोवाला आणि एक गायक, आणि ‘तुमचं लगीन कधी?’ असे दोघांनाही विचारणारी मावशी, एवढ्यावर उत्तम कादंबरी उभी राहील. दिवाळी अंकांच्या संपादकांना माझी विनंती आहे, की परिसंवादाची चार पाने कमी करून त्यांनी अशी एक लघुकादंबरी मागवावी; आणि ती मागवताना शेवट गोड केला तरी चालेल, असे लेखकाला पत्रात स्पष्ट कळवावे.