ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि बाजारपेठ

शिवचरित्रं वाचता वाचता मी दबावाखाली माघार घेणाऱ्या प्रकाशकांच्या विषयात शिरलो.

चीनची बाजारपेठ हातची जाऊ नये म्हणून परदेशी कंपन्या काय काय गाळतात, यावर बरंच बोललं जातं. ऑगस्ट २०१७ मध्ये केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने 'द चायना क्वार्टर्ली'चे ३०० हून अधिक लेख चीनमधल्या वाचकांसाठी बंद केले. विषय तिआनमेन, तिबेट, तैवान. अभ्यासकांनी धारेवर धरलं, तेव्हा काही दिवसांतच ते परत खुले झाले.

आपल्याकडचं प्रकरण जास्त कटू आहे. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकावर इतिहासकारांनी आक्षेप घेतला आणि ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने नोव्हेंबर २००३ मध्ये ते भारतातून मागे घेतलं. तरीही लेन यांना मदत केल्याच्या आरोपावरून ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संस्थेवर हल्ला झालाच. कपाटं फोडली, हस्तलिखितं जमिनीवर विखुरली. मग सरकारी बंदी आली. पुस्तकातला वादग्रस्त मजकूर मलाही संतापजनक वाटतो, पण उत्तर कागदपत्रांनीच द्यायला हवं होतं. बंदीविरुद्ध कोर्टात गेले ते प्रकाशक नव्हेत, आनंद पटवर्धन यांच्यासारखे नागरिक. मुंबई हायकोर्टाने २००७ मध्ये बंदी उठवली, सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये तो निकाल कायम केला.