इंजिनाचे ‘ट्यूनिंग’ काढून टाकले, तरी डीलरला कळते काय?

आजच्या मोटारीत इंधन किती सोडायचे, ठिणगी केव्हा पाडायची, टर्बोने हवा किती दाबायची हे सारे एक छोटा संगणक ठरवतो. त्यातील प्रोग्राम बदलला की टर्बो इंजिनाची ताकद पाव हिश्श्याने वाढवता येते, तीही एका नटाला हात न लावता. गोल्फ जीटीआय, आऊडी, बीएमडब्ल्यू यांचे अमेरिका-युरोपातील शौकीन मालक हे सर्रास करतात. आपल्याकडील गॅरेजवाल्यांनाही ‘रीमॅप’ हा शब्द नवा नाही. वॉरंटीच्या कामाला नेताना किंवा गाडी विकताना मूळ प्रोग्राम परत टाकला जातो. मग मामला मिटला काय?

बदललेला प्रोग्राम गाडीत असेल तर तो लपणे कठीण. प्रत्येक प्रोग्रामपासून हिशेबाने एक तपासणी-आकडा निघतो आणि मजकुरात फेरफार झाला की हा आकडा कंपनीच्या आकड्याशी जुळत नाही.

खरी गंमत पुढे आहे. अनेक संगणकांत प्रोग्राम किती वेळा लिहिला गेला याची मोजदाद असते. कंपनीच्या दप्तरी दोन वेळा आणि गाडीत चार वेळा, तर मधले दोन कोणाचे? ही मोजदाद चुकवल्याचा दावा ट्यूनर मंडळी करतात. पण कंपनीचे दप्तर त्यांच्या हाती नसते. अमेरिकेत फोक्सवॅगन-आऊडीच्या डीलरने स्कॅनर लावला आणि प्रोग्राम जुळला नाही, तर त्या चासी नंबरावर ‘टीडी १’ असा शेरा पडतो. नंतर मूळ प्रोग्राम टाकला तरी शेरा कायम राहतो. वायरिंगमध्ये मधेच जोडायची पेटी काढून घेतली तर प्रोग्रामात खूण राहत नाही, हे खरे. पण जास्त दाबाने झिजलेला टर्बो किंवा क्लच पुन्हा नवा होत नाही.

शेरा पडला म्हणजे सगळेच गेले, असेही नाही. अमेरिकेच्या १९७५ च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्यानुसार केवळ बाहेरचा माल वापरला म्हणून सारी वॉरंटी नाकारता येत नाही. बिघाड त्यामुळेच झाला हे कंपनीला दाखवावे लागते. खिडकीची मोटर बिघडली तर ती बदलून मिळायला हवी. टर्बो फुटला तर मात्र मालकाची बाजू लंगडी पडते.

यात भरडला जातो तो दुसरा मालक. वॉरंटी शिल्लक आहे म्हणून त्याने चार पैसे जास्त मोजलेले असतात, आणि पहिल्याने केलेल्या हौसेचे बिल त्याच्या हाती येते. जुन्या पोर्शचे जाणकार गिऱ्हाईक म्हणून सौद्यापूर्वीच संगणकातील नोंद मागतात. इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरले आणि ते किती तास चालल्यावर, हे त्यात दिसते. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने बयाणा देण्यापूर्वी चासी नंबर अधिकृत डीलरकडे तपासून घ्यावा, आणि प्रोग्राम कधी बदललेला नाही हे विकणाऱ्याकडून पावतीवरच लिहून घ्यावे. तो लिहून देण्यास कुरकुर करू लागला, तर भाव तेथूनच खाली आणता येतो.