गिअर की गॅजेट? घाटात होऊन जाऊ द्या!

गाडीवेड्यांचे दोन गट असतात. एक म्हणतो, "इंजिन, स्टेअरिंग, तीन पेडल, बास! बाकी सगळा दिखावा." दुसरा म्हणतो, "सनरूफ नाही, मोठी स्क्रीन नाही? मग एवढे पैसे कशाचे?" बीडच्या बसस्टँडजवळ चहा घेता घेता हा विषय नुसता काढून बघा. चहा निवायच्या आत वाद टॉप गिअरला!

तर मंडळी, या वादात आज आपण भरपूर मसाला टाकणार आहोत.

माहीत आहे का, बीड शहरात पहिली प्रवासी रेल्वे कधी धावली? १७ सप्टेंबर २०२५ ला! परळीला रेल्वे कधीचीच होती, पण जिल्ह्याच्या ठिकाणाचा सगळा भार परवापरवापर्यंत रबरी चाकांवर. लग्न, दवाखाना, कारखाना, आठवडी बाजार, सगळं रस्त्यानंच. त्यामुळे एमएच-२३ वाल्यांचा गाडीवर बोलायचा हक्क पहिला. अंबाजोगाईकर, रागावू नका, तुमचा एमएच-४४ सुद्धा लक्षात आहे!

आणि रस्ता तरी कसला? बीडवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ एका टोकाला पंजाबातल्या संगरूरला भिडतो आणि दुसऱ्या टोकाला कर्नाटकातल्या अंकोल्याला. एकीकडे लस्सी, दुसरीकडे समुद्र. मध्ये आपण!

आता या गाडीवेड्यांची खरी परीक्षा. मांजरसुंब्याचा घाट. पुढे उसाची डबल ट्रॉली, मागे एसटी. ट्रॉली कचकन थांबली. चढावर गाडी उचलायची कशी?

जुना ड्रायव्हर हँडब्रेक ओढतो. पहिला गिअर टाकतो. क्लच सोडत सोडत एका जागी आणतो. इंजिनचा आवाज जड होतो, बोनेटचं नाक किंचित वर येतं, तळपायाला बारीक थरथर लागते. हाच तो क्षण! हँडब्रेक खाली, ॲक्सिलरेटरवर पाय, आणि गाडी एक इंचही मागे न सरकता पुढे. मागच्या एसटीवाल्यानं हॉर्नसुद्धा वाजवलेला नसतो. साध्या गाडीच्या प्रेमात माणसं पडतात ती अशा क्षणांमुळे. मलाही हे पटतं, अगदी मनापासून.

नव्या गाडीत? ब्रेक सोडला तरी गाडी दोनेक सेकंद जागेवर थांबते. हिल होल्ड! "बघा, टेक्नॉलॉजी!" असं दुसरा गट ओरडेल. पण थांबा. माहीत आहे का, हिल होल्ड किती जुना आहे? १९३६! अमेरिकेतल्या स्टुडबेकर कंपनीच्या गाडीत तो आला. क्लच दाबलेला असेपर्यंत ब्रेकचं प्रेशर धरून ठेवायचा, आणि आत एकही चिप नाही. एक-एक गुण, दोन्ही गट बरोबरीत!

क्रूझ कंट्रोल कुणी शोधला, माहीत आहे का? ज्यांना रस्ता दिसतच नव्हता त्यांनी! अमेरिकन इंजिनिअर राल्फ टीटर यांची दृष्टी लहानपणीच गेली होती. बाजूला बसून प्रवास करताना ड्रायव्हर उगाच वेग कमी-जास्त करतो, धक्के बसतात, हे त्यांना सहन होईना, असं सांगतात. १९५० मध्ये पेटंट मिळालं आणि १९५८ च्या क्रायस्लर इम्पीरियलमध्ये तो बसला. सोलापूर-धुळे चौपदरीवर ही सोय झकास. धारूरच्या अरुंद घाटात मात्र ते बटण विसरा. तिथं पाय आणि डोळे, दोन्ही ड्युटीवर!

आता येऊ मुख्य भांडणावर. टचस्क्रीन!

वाटतं ना, की हे कालपरवाचं खूळ आहे? माहीत आहे का, पहिली टचस्क्रीनवाली गाडी १९८६ ची आहे! ब्युइक रिव्हिएरा. डॅशबोर्डवर हिरवट अक्षरांचा छोटा टीव्हीच जणू. गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली आणि कंपनीनं काही वर्षांत ती काढून टाकली.

मग स्मार्टफोन आला, आणि स्क्रीन पुन्हा डॅशबोर्डवर चढली. या वेळी ती सुटायचं नाव घेईना.

२०२२ मध्ये स्वीडनच्या 'वी बिलएगरे' या मासिकानं भन्नाट प्रयोग केला. धावपट्टीवर गाड्या ताशी ११० किलोमीटर वेगानं पळवायच्या आणि पळता पळता साधी कामं करायची. सीट गरम करा, रेडिओ स्टेशन बदला, ट्रिप मीटर शून्यावर आणा. २००५ च्या जुन्या, बटणवाल्या व्होल्वो व्ही७० मध्ये ही कामं झाली १० सेकंदांत. तेवढ्यात गाडी गेली ३०६ मीटर. आणि टचस्क्रीनवाली नवी एमजी मार्व्हल आर? ४४.६ सेकंद! १,३७२ मीटर! सव्वा किलोमीटरहून जास्त अंतर लक्ष अर्धं रस्त्यावर, अर्धं स्क्रीनवर. आपल्याकडे तेवढ्या अंतरात दोन फाटे, एक शाळा आणि रस्ता ओलांडणारी शेरडं येतात.

बोट तरी नेमकं लागतं का? मे महिना, घामेजलेला हात, काचेवर धुळीचा थर. गावाच्या वेशीवरचा रंग उडालेला स्पीडब्रेकर नेमका तेव्हाच येतो. एसी कमी करायला गेलेलं बोट रेडिओ फुल्ल करून येतं. गोल नॉबचं असं नसतं. तो न बघता हाताला सापडतो, टक् टक् वाजतो, किती फिरला ते बोटांना कळतं.

आणि हे काय फक्त कारवाल्यांचं रडगाणं आहे? मुळीच नाही! अमेरिकेच्या नौदलाची 'जॉन एस. मॅकेन' ही युद्धनौका २०१७ मध्ये सिंगापूरजवळ एका टँकरला धडकली. १० नौसैनिक गेले. चौकशीत टचस्क्रीनच्या गुंतागुंतीच्या कंट्रोलकडेही बोट दाखवलं गेलं. २०१९ मध्ये नौदलानं ठरवलं की वेगाचे कंट्रोल पुन्हा हातानं ओढायच्या दांड्यांचे करायचे. युद्धनौकेला दांडा बरा वाटतो, मग आपल्या हॅचबॅकला का नाही?

शेवटी सोनारानंच कान टोचले. युरोपात गाड्यांना सुरक्षेचे स्टार देणाऱ्या युरो एनकॅपनं २०२६ पासून नियम बदललेत. इंडिकेटर, हॅझार्ड लाइट, हॉर्न, वायपर आणि एसओएस यांना खरीखुरी बटणं किंवा दांड्या नसतील तर पाच स्टार मिळवणं अवघड. फोक्सवॅगननंही जाहीर करून टाकलंय, महत्त्वाची बटणं परत येणार! साध्या गाडीवाल्यांनो, या फेरीत तुमचा षटकार!

पण हुरळून जाऊ नका, पुढची फेरी कडक आहे.

पहिला पाऊस. ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातली काळी माती डांबरावर आणून ठेवलेली. तिच्यावर पाणी पडलं की रस्ता नुसता साबण! जुन्या गाडीत जोरात ब्रेक दाबला की चाकं लॉक होतात, गाडी सरळ घसरत जाते, स्टेअरिंग फिरवून काही उपयोग नाही. जुने ड्रायव्हर म्हणून पायानं ब्रेक 'पंप' करायचे. एबीएस तेच काम एका सेकंदात कित्येक वेळा करतं. चाक लॉक होऊ देत नाही, म्हणून गाडी वळते. १९७८ ला मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये हे आलं तेव्हा ते श्रीमंतांचं कौतुक होतं. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नव्या कारला सक्तीचं झालं. इतका पटकन पडणारा पाय कोणत्याच उस्तादाचा नाही.

माहीत आहे का, मारुती ८०० ही लोटस एलिसपेक्षा हलकी होती? एलिस म्हणजे हलकेपणासाठी जगभर नावाजलेली ब्रिटिश स्पोर्ट्स कार, वजन ७२५ किलोच्या घरात. आपली ८०० साडेसहाशेच्या आसपास! ७९६ सीसीचं इंजिन, तीन सिलिंडर, आणि १४ डिसेंबर १९८३ पासून १८ जानेवारी २०१४ पर्यंतची कारकीर्द. सगळं कुटुंब, वर डिक्कीत बालाघाटच्या सीताफळांची पाटी, तरी गाडी हसतमुख!

आता नाण्याची दुसरी बाजू. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅपनं भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या आपटून पाहिल्या. पाचही गाड्यांना शून्य स्टार. डिसेंबर २०१८ मध्ये टाटा नेक्सॉननं भारतीय गाडीसाठी पहिल्यांदा पाच स्टार आणले. बनते कुठे? पुण्याजवळच्या रांजणगावात!

आणि इथं बीडकरांचा आवाज आपोआप खाली येतो. ३ जून २०१४ ला बीडचे नेते गोपीनाथराव मुंडे दिल्लीत कार अपघातात गेले. ते मागच्या सीटवर बसले होते, आणि त्यानंतर मागच्या सीटच्या बेल्टची चर्चा देशभर झाली. १४ ऑगस्ट २०२२ ला बीडचेच नेते विनायक मेटे मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेवरच्या अपघातात गेले. या जिल्ह्यात तरी गाडीच्या सुरक्षेला कुणी 'फालतू फीचर' म्हणू नये.

तीन ठिकाणी अडकणारा सीट बेल्ट १९५९ मध्ये व्होल्वोच्या निल्स बोलीन यांनी तयार केला. कंपनीनं पेटंट सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. स्क्रीन नाही, सॉफ्टवेअर नाही, एक पट्टा आणि एक 'खट्'. गाडीतली सर्वांत साधी टेक्नॉलॉजी तीच, आणि सर्वांत मोठीही तीच!

चला, पुन्हा पिकअप घेऊ!

माहीत आहे का, मुंबईच्या काळीपिवळी पद्मिनीचं मूळ आपल्या सोलापूरकराकडे जातं? वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापूरचा, त्यांचीच प्रीमियर ऑटोमोबाइल्स. गिअरचा दांडा स्टेअरिंगलाच, पुढे सलग बाकडं, आणि दाराच्या काचेशेजारी छोटी त्रिकोणी काच. ती तिरकी केली की वाऱ्याचा झोत थेट तोंडावर. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे बंद झाली.

बीडची काळीपिवळी मात्र जीप! महिंद्रानं १९४७ मध्ये विलीज जीपचे सुटे भाग आणून जोडायला सुरुवात केली, पहिली खेप ७५ गाड्यांची. त्याच घराण्यातल्या नव्या थारचा पहिला नंबर २०२० मध्ये लिलावात १ कोटी ११ लाखांना गेला. जीपचा नाद तेव्हाही होता, आजही आहे. फक्त आकडा वाढला!

'जुनी गाडी बंद करू नका' म्हणणाऱ्यांची ताकद बघायचीय? जून २०२२ मध्ये नवीकोरी स्कॉर्पिओ-एन आली. जुनी निवृत्त व्हायला हवी होती ना? ऑगस्टमध्ये तीच जुनी स्कॉर्पिओ 'क्लासिक' नाव लावून पुन्हा शोरूममध्ये हजर! दोघी शेजारी शेजारी.

मराठवाड्याच्या तोऱ्याचा एक किस्सा. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत एका झटक्यात १५० मर्सिडीज खरेदी झाल्या, व्यवहार ६५ कोटींचा! आणि दुसऱ्या टोकाला सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे. तिथल्या एका कारागिरानं भंगारातून चारचाकी उभी केली आणि ती सुरू व्हायची चक्क मोटारसायकलसारखी, किक मारून! आनंद महिंद्रांनी बदल्यात नवी बोलेरो दिली. मला विचाराल तर मन त्या किकवाल्या गाडीकडेच जातं. नट न् नट माहीत असलेली गाडी चालवण्यासारखं सुख नाही.

दुरुस्तीचं काय? साध्या गाडीचा मिस्त्री बोनेटला कान लावून सांगायचा, "प्लग गेलाय." आता उंदरानं एक वायर कुरतडली की गाडी रुसते आणि गॅरेजवाला म्हणतो, "स्कॅनर लावावा लागेल." पण माहीत आहे का, तो स्कॅनर लावायचं १६ पिनांचं सॉकेट तुमच्या स्टेअरिंगच्या खालीच लपलेलं असतं? स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइल, झाला घरबसल्या रिपोर्ट. टेक्नॉलॉजी ड्रायव्हरच्या हातात येते तेव्हा ती खरी शोभते!

वाद फक्त टपरीवरचा नाही, फॉर्म्युला वनचाही आहे! १९९३ ची विल्यम्स एफडब्ल्यू१५सी म्हणजे चालता-फिरता कॉम्प्युटर. ॲक्टिव्ह सस्पेन्शन, एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल, सगळं ठासून भरलेलं. १९९४ पासून या मदतनिसांवर बंदी! शर्यत ड्रायव्हरची हवी, चिपची नको.

मॅकलरेन एफ१ या रस्त्यावरच्या गाडीनं १९९८ मध्ये ताशी ३८६ किलोमीटरचा वेग गाठला, तोही हातानं गिअर टाकत! माझदा एमएक्स-५ ही साधी दोन सीटांची गाडी २०१६ मध्ये दहा लाखांच्या पुढे गेली, जगात सर्वांत जास्त खपलेली दोन-सीटर स्पोर्ट्स कार. आणि कडी म्हणजे ह्युंदाईची आयोनिक ५ एन. ही इलेक्ट्रिक, गिअरबॉक्स नाहीच. तरी ती खोटे गिअर बदलते, खोटा आवाज काढते, झटकासुद्धा देते! कशासाठी? चालवणाऱ्याला मजा यावी म्हणून.

एएमटीवाल्यांसाठी जाता जाता: तुमच्या 'ऑटोमॅटिक'च्या पोटात गिअरबॉक्स मॅन्युअलच असतो. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेवढं यंत्र करतं. भारतात ही सोय २०१४ च्या सेलेरिओनं आणली.

आणि ज्यांच्या हातात खरी गाडी असते त्या एसटीच्या ड्रायव्हरांना सलाम ठोकल्याशिवाय कसं चालेल? पहिली एसटी १ जून १९४८ ला पुणे-नगर धावली. १ जून २०२२ ला, त्याच तारखेला, त्याच रस्त्यावर, इलेक्ट्रिक शिवाई धावली. ७४ वर्षं, एकच रस्ता!

माझं मत रोखठोक आहे. एबीएस, एअरबॅग, बेल्ट ही टेक्नॉलॉजी हवीच, त्यावर चर्चा नको. पण एसी, वायपर, हॅझार्ड आणि हँडब्रेक माझ्या हाताखाली हवेत, स्क्रीनच्या मेनूत नकोत.

तेव्हा पुढच्या टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाल्याला थेट चढावर न्या. डोळे रस्त्यावर ठेवून एसी कमी करून बघा, वायपर लावून बघा, थांबलेली गाडी उचलून बघा. जमलं तर बयाणा द्या. नाही जमलं, तर शेजारच्या शोरूमचा रस्ता धरा. आणि मागच्या सीटवर जो कुणी बसला असेल, त्याला आधी बेल्ट लावायला सांगा.