अर्जातील गाय : पशुविम्याच्या काही इंग्रजी शब्दजोड्या

घरात मराठी, बडा फुहाऱ्याच्या बाजारात हिंदी आणि बँकेच्या अर्जावर इंग्रजी, अशी जबलपूरच्या अनेक मराठी कुटुंबांची रीत आहे. शहरालगत परियट नदीच्या परिसरात म्हशींच्या अनेक डेअऱ्या असल्याने पशुकर्ज व पशुविम्याचे अर्जही येथे परिचयाचे आहेत. या अर्जांतील इंग्रजी शब्द बहुधा जोडीने येतात आणि त्यांचा अर्थही जोडीनेच घ्यावा लागतो.

‘ड्राय’ म्हणजे कोरडा, हे आपण शाळेत शिकतो. ‘ड्राय काऊ’ म्हणजे मात्र विण्यापूर्वी साधारण दोन महिने जिचे दूध आटविले आहे, अशी गाय. ती बहुधा गाभण असते आणि तिच्या पुढील वेतावरच कर्जाचे हप्ते अवलंबून असतात. जिला गर्भधारणाच होत नाही ती ‘बॅरन काऊ’, म्हणजे वांझ. ‘ड्राय’साठी सरसकट ‘भाकड’ लिहिल्यास हा भेद पुसला जातो. ‘आटलेली’ हा आपल्या गोठ्यातील शब्द अधिक नेमका वाटतो.

‘इन हीट’ म्हणजे माजावर आलेली, तर ‘हीट स्ट्रेस’ म्हणजे उष्णतेचा ताण. पहिलीला रेतन हवे, दुसरीला सावली आणि पाणी!

‘मिल्च ॲनिमल’ म्हणजे दुभते जनावर आणि ‘ड्राफ्ट ॲनिमल’ म्हणजे ओढकामाचे. (बँकेत ‘ड्राफ्ट’ म्हटले की धनाकर्षच आठवतो, ही गोष्ट वेगळी.) या दोन शब्दांवर बरेच पैसे अवलंबून असतात. पशुविम्यात कायमच्या पूर्ण अपंगत्वाचे संरक्षण घेतले असल्यास, दुभत्या जनावराबाबत त्याचा अर्थ गर्भधारणेची वा दूध देण्याची क्षमता कायमची नष्ट होणे, असा असतो. बैलाबाबत मात्र प्रस्तावपत्रात जे काम नमूद केले असेल, ते करण्याची क्षमता पाहिली जाते. म्हणून ‘उपयोग’ हा रकाना ग्राहकाने स्वतः वाचून, समजून भरावा.

राष्ट्रीय पशुधन अभियानाखाली केंद्र सरकारने २०२४ मध्ये विमाहप्त्यातील लाभार्थ्याचा वाटा १५ टक्के केला, त्यामुळे विमा पुष्कळच आवाक्यात आला आहे. तथापि ‘इअर टॅग’, म्हणजे कानातील क्रमांकाचा बिल्ला, हीच विमा उतरविलेल्या जनावराची ओळख होय. ‘नो टॅग, नो क्लेम’ हा नियम प्रसिद्धच आहे. बिल्ला गळून पडल्यास विमा कंपनीस विनाविलंब कळवून नवा बसवून घ्यावा आणि त्याचा क्रमांक बँकेच्या नोंदीतही बदलून घ्यावा.