पिकॅडिलीतील फळविक्रेत्याचे चाक

१८२३ साली लंडनच्या पिकॅडिली भागातील रॉबर्ट जॉन टायर्स या फळविक्रेत्याने एका वस्तूचे पेटंट घेतले. तिचे नाव ‘रोलिटो’. बुटाखाली बांधायची एक पट्टी आणि तीत एकामागे एक अशी पाच चाके, एवढेच तिचे रूप. गंमत होती ती चाकांच्या आकारात. मधले चाक दोन्ही टोकांच्या चाकांपेक्षा मोठे होते. त्यामुळे पाचही चाके एकाच वेळी जमिनीला टेकत नसत आणि अंगाचा भार किंचित पुढे-मागे करताच वळता येई. रोज तागडी हाती धरणाऱ्या माणसाला भाराचे मर्म अधिक लवकर उमगले असावे, असे म्हणण्याचा मोह होतो. पुरावा मात्र नाही.

वळता येणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. टायर्सच्या आधी सुमारे साठ वर्षे, लंडनमध्ये वाद्ये व यंत्रे बनविणारा जॉन जोसेफ मर्लिन हा बेल्जियन कारागीर चाकांचे बूट घालून, व्हायोलिन वाजवीत एका मेजवानीत शिरला, अशी कथा सांगतात. त्याला ना वळता आले ना थांबता. पाचशे पौंडांहून अधिक किमतीच्या आरशावर तो आदळला; आरसा आणि व्हायोलिन दोन्ही फुटले आणि तो स्वतः जबर जखमी झाला. १८१९ मध्ये पॅरिसच्या पेतिब्ले याने एका ओळीतील चाकांच्या स्केटचे पेटंट घेतले खरे, परंतु तीही प्रामुख्याने सरळच धावत असे. पुढे १८६३ मध्ये न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टनने दोन-दोन चाकांच्या जोड्या रबरी उशीवर बसविल्या. शरीर झुकविले की चाके त्या बाजूस वळू लागली, आणि स्केटिंगच्या सभागृहांत नृत्यासारख्या गोलाकार चाली सुरू झाल्या. साधन बदलले, तसा खेळही बदलला.

एका ओळीतील चाके मात्र यानंतर शंभराहून अधिक वर्षे मागे पडली. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात स्कॉट ओल्सन या आइस हॉकी खेळणाऱ्या तरुणाने त्यांना पुन्हा बाजारात आणले. हिवाळ्यातील सराव उन्हाळ्यातही चालावा, एवढीच त्याची गरज होती. दहा-बारा वर्षांत ही इनलाइन स्केट बर्फाची आठवण विसरून रस्त्यावर आली. मुले जिन्यांच्या कठड्यांवर उडी मारून त्यांवरून घसरू लागली. मधली दोन चाके कठड्यात अडकत, म्हणून कोणी ती काढूनच टाकली, तर कोणी तेथे लहान व कठीण चाके बसविली. कारखान्यांनी मग तशीच फ्रेम तयार करून विकावयास काढली. येथे गिऱ्हाइकाने उत्पादकाला शिकविले, हे व्यापारी वाचकांच्या सहज ध्यानी येईल.

या शैलीने एक पिढी गाजविली. पण शैली जुनी होते तशी तिची सवयही जडते. तोच कठडा, तीच उडी. गुडघे कुरकुरू लागतात, पडल्यावर उठायला वेळ लागतो आणि पंधरा वर्षांच्या सरावानंतर पायांना काही नवे सुचेनासे होते. अनेकांनी याच वळणावर स्केट माळ्यावर टाकल्या. कॅनडाचा लिऑन बेसिन हा याच रस्त्यावरच्या खेळात मुरलेला खेळाडू. त्याने वेगळी वाट काढली. ‘विझार्ड’ या नावाने त्याने जी फ्रेम आणली ती नेहमीपेक्षा लांब आहे. तीत ९० मिलिमीटर वा त्याहून मोठी चार चाके, किंवा ८० मिलिमीटरची पाच चाके बसतात, आणि त्यांची ओळ होडीच्या तळासारखी किंचित वक्र असते. मधली चाके खाली, टोकांची जरा वर. टायर्सची युक्तीच दोनशे वर्षांनी परत आली म्हणा ना!

या फ्रेमवर कठड्याची गरज उरली नाही. गाड्या नसलेले वाहनतळ पुरेसे होते. एका पायाच्या टाचेवरील चाकावर भार देऊन फिरणे, मध्येच पाठमोरे होणे, पुढच्या चाकावर येऊन पुन्हा वेग घेणे, आणि हे सारे न थांबता, एकाच लांब रेषेत. पाहणाऱ्याला ते लेखणी न उचलता लिहिलेल्या मोडीसारखे वाटते.

मात्र नवी फ्रेम पायाला पंख लावीत नाही. पहिले काही दिवस कसलेला खेळाडूही तिच्यावर नवशिक्यासारखा डगमगतो. सपाट ओळीत चारही चाके जमिनीला टेकून आधार देतात. वक्र ओळीत एका वेळी जेमतेम दोन. जो आधार पाय गृहीत धरून होते तोच काढून घेतला जातो, आणि तोल शोधता शोधता पायांना अशा जागा सापडतात ज्या त्यांना ठाऊकच नव्हत्या. कल्पकता तेथून सुरू होते; किमतीच्या चिठ्ठीतून नव्हे.

हे घडू शकले याला बाजाराचेही एक कारण आहे. पूर्वी प्रत्येक कंपनीची फ्रेम तिच्याच बुटाला बसे. २००० च्या सुमारास रस्त्यावरच्या स्केटसाठी बोल्टच्या जागांचे एक सामाईक माप रूढ झाले. मग बूट एकाचा, फ्रेम दुसऱ्याची आणि चाके तिसऱ्याची, असा मेळ शक्य झाला. केवळ फ्रेम बनविणाऱ्या लहान उत्पादकालाही दुकान मांडता आले.

घरात स्केटिंगला कंटाळलेला मुलगा वा मुलगी असेल, तर संपूर्ण नवा जोड घेण्याची घाई पालकांनी करू नये. बूट पायाला नीट बसत असेल तर तो राहू द्यावा. ८० मिलिमीटरच्या चार चाकांपैकी पहिले आणि शेवटचे काढून तेथे ७६ मिलिमीटरची बसविली की तीच फ्रेम वक्र होते. खर्च प्रत्येक पायाच्या दोन चाकांचा. शंकूंच्या रांगेतून वळणारे स्लॅलमचे खेळाडूही अशीच वक्र रचना वापरतात. शर्यतीत धावणाऱ्या मुलासाठी मात्र हा बदल नको. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे भारताच्या पुरुष व महिला संघांनी ३००० मीटर रिलेत कांस्यपदके मिळविली. त्या खेळाला सरळ रेषेतील स्थैर्य हवे असते, आणि ते सपाट ओळीतूनच मिळते. शिरस्त्राण आणि मनगटाचे संरक्षक पट्टे दोन्हीकडे सारखेच आवश्यक, कारण बदलाच्या पहिल्या आठवड्यात पडणे ठरलेलेच.

काही महिन्यांत नवी फ्रेमही पायवळणी पडते. तेव्हा काही खेळाडू जुनी फ्रेम पुन्हा बुटाला जोडतात आणि ओळखीच्या त्याच कठड्याकडे जातात. उडी तीच असते, पण कठड्यापर्यंत पोहोचण्याची वाट आता सरळ उरलेली नसते.