पश्चिमेची भिंत आणि दोडक्याचा वेल

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४६-४७ अंशांवर गेला तरी आता कुणाला नवल वाटत नाही. ब्रह्मपुरीचे नावही देशातल्या सर्वांत उष्ण गावांत वारंवार येते. पण हवामान खात्याचा आकडा सावलीतला असतो. टिनाच्या छपराखाली, दिवसभर ऊन खाल्लेल्या भिंतीला लागून झोपणाऱ्याचा उन्हाळा त्यात मोजला जात नाही.

दुपारभर तापलेली पश्चिमेची भिंत रात्री उशिरापर्यंत घरात उष्णता सोडत राहते. दिवसा तापलेल्या शरीराला रात्री निवायला अवधी मिळाला नाही, तर हृदयावरचा आणि मूत्रपिंडांवरचा ताण दुसऱ्या दिवशीही कायम राहतो. अशा तीन-चार रात्री लागोपाठ आल्या की वृद्ध, तान्ही बाळे, गरोदर महिला, हृदयरोगी आणि उन्हात राबणारे मजूर यांना उष्माघाताचा धोका वाढतो.

यावर एक साधा उपाय म्हणजे भिंतीवर वेल. पाने ऊन अडवतात, त्यामुळे भिंत मुळात कमी तापते. शिवाय पानांतून पाण्याची वाफ होते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषली जाते. घरातला वाळ्याचा कूलर याच तत्त्वावर चालतो. वेलाला मात्र वीज लागत नाही.

पॅरिसच्या के ब्रान्ली संग्रहालयावर वनस्पतिशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लांक यांनी उभारलेली हिरवी भिंत जगभर गाजली. अशा भिंतींना नळ्या, पंप आणि कायमची निगा लागते. म्हणून त्या मोठ्या इमारतींवर दिसतात. जिथे उकाडा सर्वाधिक, त्या वस्त्यांत नाही. गडचिरोलीतल्या खेड्यांना मात्र कुडाच्या भिंती आणि अंगणातला मांडव नवा नाही. हेच शहाणपण शहरातल्या सिमेंटच्या खोलीपर्यंत आणता येईल.

जानेवारी-फेब्रुवारीत दोडका, दुधी किंवा कारले लावले, तर एप्रिल-मेमध्ये वेल भरात असतो. भिंतीपासून वीतभर अंतर सोडून बांबूचा ताटवा उभा करावा, म्हणजे मधून हवा खेळते आणि भिंतीला ओल येत नाही. भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी वेलाला चालते. भाजी घरात येते, ती वेगळीच. कायमचा वेल हवा असेल तर मधुमालती काटक आहे.

काही पथ्ये पाळावी लागतात. वड-पिंपळाचे रोप भिंतीत रुजू देऊ नये. त्याची मुळे दगडी बांधकाम कसे उकलतात, हे चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटाने पाहिले आहे. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये, कारण तिथे डेंग्यूचा डास वाढतो. गडचिरोलीत हिवतापाचे ओझे आधीच मोठे आहे, त्यामुळे वेल असो वा नसो, मच्छरदाणी सुटता कामा नये. वेल खिडकीत किंवा छपरात शिरू देऊ नये आणि बुडाशी पालापाचोळा साठवू नये, म्हणजे साप-विंचवाला आसरा मिळत नाही.

वेलाकडून अवाजवी अपेक्षाही नको. टिनाच्या घरात सर्वाधिक उष्णता छपरातून येते. २०१० च्या जीवघेण्या लाटेनंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांची छपरे पांढरी रंगवली. चुन्याचे छप्पर आणि पश्चिमेला वेल, ही जोडी एकट्या वेलापेक्षा अधिक उपयोगी. धुळीचेही तसेच. २००९ च्या केंद्रीय प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूर देशात चौथे होते. पाने थोडी धूळ धरतात. पण कोळशाची धूळ आणि चिमणीचा धूर उगमापाशीच रोखावा लागतो.

खरी अडचण न्यायाची आहे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याकडे भिंत स्वतःची नसते आणि टँकरची वाट पाहणाऱ्याकडे वेलासाठी पाणी नसते. म्हणून घरकुलाच्या नकाशात पश्चिमेला हातभर माती आणि न्हाणीचे पाणी तिकडे वळवण्याची सोय ठेवली, तर खर्च थोडा आणि लाभ दर उन्हाळ्यात. शाळा, अंगणवाडी आणि आरोग्य उपकेंद्राच्या भिंतींपासून सुरुवात करता येईल.

तोवर एवढे लक्षात असू द्यावे: उन्हाळ्यात अंग चटका बसावा इतके तापले आणि माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध झाला, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि लगेच १०८ ला फोन करावा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.