स्वस्त वस्तू आणि सावध ग्राहक

मनमाड हे रेल्वेचे मोठे जंक्शन आहे. मुंबईहून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग, दौंडकडचा फाटा आणि मराठवाड्यातून हैदराबादेकडे जाणारा मार्ग येथे एकत्र येतात. पूर्वी संगणक घ्यावयाचा म्हणजे येथील माणसास नाशिक किंवा मुंबई गाठावी लागे. आता घरबसल्या मोबाइलवर मागणी नोंदविली, की वस्तू दाराशी येते. सोय मोठी खरी. परंतु दुकानात वस्तू हाती घेऊन पाहता येते, येथे तिचे केवळ चित्र दिसते. हाताने पारखण्याचे काम येथे वाचनाने करावे लागते.

माझ्या परिचयाच्या एका रेल्वे कामगाराने वर्षभर पैसे साठवून मुलीसाठी एक स्वस्त लॅपटॉप मागविला. तो आला तेव्हा तिची परीक्षा चालू होती. तिचे चित्त विचलित होऊ नये म्हणून वडिलांनी खोके तसेच फळीवर ठेवले. परीक्षा संपल्यावर ते उघडले, तर यंत्र चालूच होईना! परत करण्याची मुदत सात दिवसांची होती; ती उलटून गेली होती. शिवाय वर्णनाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘रिफर्बिश्ड’ असा शब्द होता. वापरलेली वस्तू दुरुस्त करून पुन्हा विक्रीस काढली, की तिला असे म्हणतात. अशी वस्तू घेणे वाईट नव्हे. मात्र ती जाणून घेतलेली असावी.

वस्तू स्वस्त का आहे, हा प्रश्न ग्राहकाने प्रथम विचारावा. विंडोज 10 या प्रणालीला कंपनीकडून मिळणारा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, आणि पुष्कळ जुन्या संगणकांवर विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही. काही यंत्रे स्वस्त मिळण्याचे हेही एक कारण आहे. लिनक्स ही विनामूल्य प्रणाली घालून असे यंत्र अभ्यासाला वापरता येते. पण तो विचार आधी केलेला बरा. सुट्या भागांचेही तसेच. रॅमच्या पट्टीला एक लहानशी खाच असते. डीडीआर 3 आणि डीडीआर 4 या प्रकारांत ती वेगळ्या जागी असल्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. म्हणून आपल्या यंत्राला कोणता भाग लागतो, हे आधी पाहून मगच तो मागवावा.

ग्राहकाच्या पाठीशी कायदाही उभा आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 साली झाला आणि पुढल्या वर्षी इंटरनेटवरील व्यापारासाठी नियम आले. त्यांनुसार एकूण किंमत, वस्तू कोणत्या देशात तयार झाली, ती परत करण्याच्या अटी व तक्रार अधिकाऱ्याचे नाव ग्राहकास कळविणे आवश्यक आहे. तक्रारीची पोच 48 तासांत आणि तिचे निवारण महिन्याभरात व्हावे, असा दंडक आहे. तेवढ्याने काम न झाल्यास 1915 या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राकडे दाद मागता येते. ग्राहक आयोगाकडे जाण्याची वेळ आलीच, तर विक्रेत्याच्या गावी जावे लागत नाही. आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते.

त्या कामगाराने पावती जपून ठेवली होती, हे त्याचे शहाणपण. तिच्यावर वर्षभराची हमी लिहिलेली होती. तक्रार केल्यावर यंत्र दुरुस्त होऊन मिळाले. परंतु त्यास दोन महिने लागले, आणि सुट्टीत संगणक शिकण्याचा मुलीचा बेत मात्र राहून गेला. वस्तू आली त्याच दिवशी खोके उघडून पाहिले असते, तर हे टळले असते.

आता त्या आळीत कोणी काही मागवू लागले, की प्रथम त्या मुलीला बोलावतात. ती मोठ्या अक्षरांतील किमतीकडे नंतर पाहते. आधी तळाची बारीक अक्षरे मोठ्याने वाचून दाखविते. सिग्नल पाहिल्यावाचून गाडी पुढे काढू नये, हे रेल्वेच्या गावातील मुलीला कोणी निराळे का शिकवावयाचे असते?